गिळलेली ओळ

आमच्या श्रोता मंडळाचं कार्ड लिहायचं काम माझ्याकडे होतं. ऐंशीच्या दशकात आंध्रातल्या बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या क्वार्टरांमध्ये जी थोडी मराठी घरं होती, त्यातली बरीचशी रविवारी दुपारी आक्कांच्या अंगणात जमायची. आक्का म्हणजे कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या वयस्कर बाई. नवरा खाणीतच नोकरी करून वारलेला, आता मुलगा खाणीत. त्यांचा रेडिओ आमच्या ओळीत सगळ्यात मोठा होता, आणि सीताफळाच्या झाडाला बांधलेल्या तारेमुळे सीमेपलीकडचं मराठी केंद्र त्यावर बऱ्यापैकी लागायचं. बाजारात तेलुगू, मुलांच्या शाळेत तेलुगू, ऑफिसात तेलुगू आणि उर्दूत भिजलेली हिंदी. रविवारची दुपार तेवढी आमची.

आधी श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम असे, मग एखादी कथा किंवा श्रुतिका. ती संपली की चहा. चहाबरोबर जे बोलणं होईल ते एका कार्डावर उतरवायचं आणि खाली सगळ्यांची नावं घालायची. निवेदकाच्या तोंडून आपलं नाव आणि त्यापुढे ‘बेल्लमपल्ली’ ऐकायला मिळणं यासारखं सुख नव्हतं. दिवसभर टोकनच्या नंबरानं ओळखली जाणारी माणसं तर त्या एका नावासाठी आठवडा काढायची.

कार्डावर जागा कमी आणि नावं जास्त, म्हणून मी नियम घालून दिले होते. पहिलं नाव पाळीपाळीनं. ज्यानं कार्यक्रम ऐकला नाही त्याचं नाव नाही. आणि पेटीत टाकायच्या आधी कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायचं, सगळ्यांचा होकार घ्यायचा. नाव खाली सगळ्यांचं जातंय, तर वर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. हा शेवटचा नियम माझा लाडका होता. मला त्याचा अभिमान होता म्हटलं तरी चालेल.

वाचताना एकच अडचण यायची. नवऱ्याचं नाव आम्ही बायका घेत नव्हतो. त्यामुळे आमच्या घरातल्या नावाशी आले की मी थांबायचे, आवंढा गिळायचे आणि पुढच्या नावावर उडी मारायचे. कोणीतरी हसत म्हणायचं, “आलं, आलं.” त्या थांबण्याचाच अर्थ माझे मालक असा होता. सगळ्यांना समजायचं, कोणाला काही वेगळं वाटायचं नाही.

माझे मालक कंपनीच्या ऑफिसात क्वार्टरांच्या खात्यात कारकून होते. कोणाला कुठला क्वार्टर, कोणाची दरखास्त कुठवर आली, कोणाचं छत गळतं, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निर्णय वरचे साहेब घ्यायचे, पण वस्तीच्या लेखी क्वार्टर देणारे तेच. ते रस्त्यानं निघाले की माणसं सायकलवरून उतरायची. त्यांना ते आवडायचं नाही, पण उतरू नका असं तरी कसं सांगणार?

त्यांना लिहायची आवड होती. दुपारच्या सुट्टीत डब्याशेजारी कागद ठेवून ते काहीतरी लिहायचे आणि घरी आल्यावर फाडायचे. एकदा एक गोष्ट फाडली नाही. मला म्हणाले, “एवढी फेअर करून दे. रेडिओले पाठवतो.”

गोष्टीचं नाव ‘किल्ली’. एक म्हातारा खाणकामगार निवृत्त होतो आणि क्वार्टर खाली करतो. सामान पुढं गेलेलं असतं. तो एकटा मागे राहतो, एकेका भिंतीला हात लावतो आणि रडतो, बराच वेळ रडतो. मग ऑफिसात जाऊन किल्ली जमा करतो आणि बाहेर पडतो, तर पाय सवयीनं त्याला पुन्हा त्याच दाराशी घेऊन येतात. मी स्वच्छ अक्षरात दोनदा उतरवून दिली, एक रेडिओला, एक घरी ठेवायला. खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. आईच्या माहेरचं आडनाव घेऊन एक टोपणनाव तयार केलं.

“तुमचं नाव काऊन नाही?” मी विचारलं.

“नको. आन कोणाले सांगू बी नको.”

“बरं.”

“मले लिहिता येते का नाही, येवढंच एकदा समजलं पाहिजे,” ते म्हणाले. “बाकी काही नको.”

मला वाटलं, गोष्ट परत आली तर लाजायला नको म्हणून नाव लपवताहेत. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गोष्ट स्वीकारल्याचं कळलं, कोणत्या रविवारी लागणार तेही कळलं. तो रविवार आला तेव्हा मी आक्कांच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसले होते. घरून मुद्दाम सूप घेऊन गेले होते, म्हणजे कोणाकडे बघावं लागणार नाही. मालक बाकावर, हात गुडघ्यांच्या मध्ये धरून. रेडिओवरच्या बाईंनी गोष्ट वाचायला सुरुवात केली. माझे डोळे सुपात होते, पण मी डाळीतले खडे सोडून डाळच बाहेर टाकत होते.

गोष्ट संपली. आक्कांनी आवाज बारीक केला आणि चहा आला.

आधी आक्का बोलल्या. “शेवट चांगला हाये. पन थो बुढा येवढा काऊन रडते? घर खाली करनाऱ्याले रडाले फुरसत असते का? म्या काय कमी क्वार्टर बदलले? पोते बांधा, चूल पुसा, कोंबड्या धरा. कोंबड्या धरता धरताच जीव जाते.”

सगळे हसले. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी वहिनी म्हणाली, “मले तं मधात झोप आली बाप्पा. थो भिंतीले हात लावून राह्यला, लावूनच राह्यला. म्या म्हटलं, आता जा ना रे बाबा!”

ही वहिनी माझ्यापेक्षा लहान, तोंडाची मोकळी. तिचा नवरा कोळसा काढायला खाली उतरायचा. एका खोलीत सासू, दोन पोरं आणि हे दोघं, म्हणून मोठ्या क्वार्टरसाठी त्यांची दरखास्त लागलेली होती. अर्थात आमच्याच मालकांच्या टेबलावर.

मी चोरून बघितलं. मालक ऐकत होते. तोंड पडलेलं नव्हतं. उलट मान पुढे काढून ऐकत होते, जसं नवीन साहेबाचं बोलणं माणूस ऐकतो. तिथेच ते गप्प राहिले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण आणखी कोणीतरी म्हणालं, “काही खास नव्हती,” आणि त्यांना राहवलं नाही.

“मले तं बरी वाटली,” ते म्हणाले. “मधात जरा सावकाश हाये, पन थे तसंच पाहिजे. ह्या मानसाले आपल्या वस्तीची माहिती हाये.”

ह्या माणसाला! माझा हात सुपात थांबला.

“आपन कार्ड टाकू,” ते पुढे म्हणाले. “म्हनावं, ह्या लेखकाच्या अजून गोष्टी ऐकवा.”

आक्का म्हणाल्या, “टाका. खाणीतल्या मानसाची गोष्ट रेडिओवर लागली, हे काय कमी हाये? लिव बाई.”

“लिवा ताई,” वहिनी म्हणाली, “पन माह्या झोपेचं नका लिवू.”

मी कार्ड काढलं. मला राग आला होता, आणि तो राग मला अगदी स्वच्छ वाटत होता. आपल्याच गोष्टीची शिफारस आपणच करायची, आणि ती इतक्या लोकांच्या नावानं, त्यांना न सांगता. आक्कांचं नाव, वहिनीचं नाव, जे रात्रपाळी करून आले आणि न झोपता ऐकायला बसले त्यांची नावं. माझ्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. मी गोष्टीबद्दल चार बरे शब्द लिहिले. मग बारीक अक्षरात लिहिलं: ‘कळविणे भाग आहे की या कथेचे लेखक म्हणजे माझे पती श्री.’ आणि त्यांचं पूर्ण नाव. ‘ते टोपणनावाने लिहितात. ते या मंडळाचे सभासद आहेत व हे कार्ड पाठवावे ही सूचना त्यांचीच. इतर सभासदांना हे माहीत नाही.’ त्याखाली बाकी सगळ्यांची नावं.

एकही शब्द खोटा नव्हता. मला समाधान वाटलं, हेही सांगून टाकते.

मग नियमाप्रमाणे वाचून दाखवायची वेळ आली. चार बरे शब्द मी मोठ्यानं वाचले. ‘कळविणे भाग आहे’ च्या आधी थांबले. आवंढा गिळला. कोणीतरी म्हणालं, “आलं, आलं.” सगळे हसले, मालकही हसले. मी सरळ खालच्या नावांवर गेले आणि ती शेवटपर्यंत वाचली. सगळ्यांनी माना हलवल्या. घरी जाताना कार्ड पेटीत टाकलं.

दर वेळी मी एक नाव गिळायचे. त्या दिवशी पूर्ण मजकूर गिळला. ‘लेखक म्हणजे आमचे हे’ एवढं म्हणता आलं असतं, त्यासाठी नाव घ्यायची गरज नव्हती. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण मला भर अंगणात भांडण नको होतं, आणि गप्पही बसायचं नव्हतं. थांबण्याची ती सवय समोर होती, मी तिच्या आड गेले.

पुढच्या रविवारी काही आलं नाही. कार्ड हरवलं असेल असं वाटून मला बरंही वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पत्रांचा कार्यक्रम सुरू झाला आणि निवेदक म्हणाले, “आता बेल्लमपल्लीहून आलेलं एक गमतीदार कार्ड.”

अंगणात सगळे सरसावून बसले. आक्कांनी आवाज मोठा केला.

निवेदकांनी कार्ड पूर्ण वाचलं. त्यांच्याकडे गाळण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या नवऱ्याचं नाव, जे मी कधी उच्चारलं नव्हतं, ते एका परक्या माणसानं आडनावासकट, शांतपणे, स्पष्ट उच्चारात घेतलं. सूचना त्यांचीच. इतर सभासदांना हे माहीत नाही. मग निवेदक हसले, दुष्टपणे नव्हे, घरातल्या माणसासारखे, आणि म्हणाले, “कार्ड लिहिणाऱ्या भगिनींच्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक वाटतं. लेखकमहाशयांनी यापुढे आपल्याच नावानं लिहावं!” आणि दुसऱ्या गावच्या पत्राकडे वळले.

 आक्कांनी आवाज कमी केला. रेडिओ आपला बारीक आवाजात कोणाकोणाची नावं घेत राहिला. मालक उठले, चपला शोधू लागले. समोरच होत्या, तरी त्यांना सापडेनात.

“नळ यायची वेळ झाली,” ते म्हणाले.

आमच्याकडे पाणी सकाळी यायचं. अंगणातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. 

मी त्यांच्या मागून घरी गेले. ते खाटेवर बसले होते. ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार करून गेले होते: नियम कोणते, चूक कोणाची, कार्डाखाली कोणाकोणाची नावं होती.

“मले सांगाचं होतं,” ते म्हणाले.

“म्या सांगितलं असतं तं तुमी थांबले असते?”

“थांबलो असतो.”

तयार उत्तरांमधलं एकही कामाचं नव्हतं. ते थांबले असते हे मला माहीत होतं. घरी दोन वाक्यांत मिटलं असतं.

संध्याकाळी वहिनी आली. पदराखाली वाटी, वाटीत गुळाचा सांजा. मला न देता सरळ आत गेली आणि खाटेसमोर उभी राहिली.

“भाऊजी, म्या त्या दिवशी उगाच बोलली.”

“काय बोलल्या?”

“थे झोपेचं. गोष्ट चांगली होती. लई चांगली होती.”

“तुमाले झोप आली होती, वहिनी.”

“थे तं माह्यी पोरगी रातभर रडून राह्यली होती म्हनून. गोष्टीनं नाई. गोष्टीनं कोनाले झोप येते का?” ती हसायला बघत होती. “मले आधी मालूम असतं तं मी कायले तसं म्हटलं असतं?”

मालकांनी एकदा वाटीकडे बघितलं. मग म्हणाले, “तुमची दरखास्त नंबरानंच चालली हाये. गोष्टीचा तिच्याशी काही संबंध नाही.”

“हाव, थेच म्हनते मी बी,” वहिनी घाईनं म्हणाली. “काहीच संबंध नाई. गोष्ट चांगलीच होती.” आणि वाटी माझ्या हातात देऊन गेली. जाताना माझ्याकडे तिनं बघितलं नाही. एरवी ती आमच्या चुलीशी बसल्याशिवाय जात नसे.

मी वाटी हातात धरून उभी होते.

“समजलं?” मालक म्हणाले. “म्हनून नाव नव्हतं टाकलं.”

तेव्हा मला समजलं. ज्या माणसासमोर लोक सायकलवरून उतरतात, त्याच्या गोष्टीला झोप येते असं कोण म्हणणार? सगळ्या वस्तीत त्यांना खरं ऐकू येईल अशी ती एकच जागा होती, तीही नाव लपवून मिळालेली. आक्कांनी म्हाताऱ्याच्या रडण्यावर बोट ठेवलं तेव्हा ते मान पुढे काढून ऐकत होते, ते याचसाठी. त्यांना हवं ते मिळालं होतं. मी ते काढून घेतलं, आणि वर रेडिओवरून माझं कौतुक झालं.

“पन कार्डाचं तुमी काऊन काढलं?” मी तरीही विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“थे चुकलं माह्यं,” ते म्हणाले. “मोह झाला. कोनी म्हटलं, काही खास नव्हती, मंग मोह झाला.”

सांजा त्या दिवशी कोणी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी मी वाटी घासून परत दिली. रिकामी वाटी देऊ नये म्हणून तिच्यात मूठभर शेंगदाणे घातले. वहिनीनं दारातूनच घेतली.

मालकांनी रविवारी आक्कांकडे जाणं सोडलं. मी जात राहिले, कारण कार्ड लिहायला दुसरं कोणी नव्हतं. अंगण तेच होतं, पण बोलणं आखडलं. एखादी श्रुतिका ऐकून झाली की लोक आधी माझ्याकडे बघायचे. “ही बी तुमच्याच घरातली नाई ना?” असं एकदा एकानं विचारलं. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, मीसुद्धा. पण त्यानंतर “बरी होती” याच्या पलीकडे कोणी काही म्हणेनासं झालं. वाईट बोलायची सोय गेली तशी चांगलं बोलण्यातलीही चव गेली. मालकांनी त्यानंतर एकही पान माझ्यासमोर लिहिलं नाही. डब्यासोबत कोरे कागद जात नव्हते, म्हणजे ऑफिसातही लिहीत नसावेत.

त्याच पावसाळ्यात, गिरणीवर ज्वारी दळायला गेले असताना आक्का भेटल्या. पट्ट्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “तू जे लिवलं थे खरंच होतं. आमची नावं खाली जाऊन राह्यली होती, आमाले समजाले पाहिजेच होतं. त्याच्याबद्दल मी काही म्हनत नाई.”

“मंग?”

“वाचताना काऊन गिळलं?”

मी गिरणीच्या दाराकडे बघितलं.

“नवऱ्याचं नाव गिळते बाई, समजते. तू तं पूर्ण कार्ड गिळलं. म्या तवाच पाह्यलं, नावाले येवढा टाईम लागत नाई. म्या म्हटलं, घरातलं काही असन.” त्यांनी माझ्या डोक्यावरचं पीठ झटकलं. “आमच्यासमोर सांगतलं असतं तं आमी हासलो असतो, थो बी हासला असता. रेडिओले काऊन सांगतलं व माय? थो काय आपल्या घरचा हाये?”

आतून गिरणीवाल्यानं माझ्या डब्याला हाक मारली. मी आत गेले. दळण घेऊन बाहेर आले तेव्हा आक्का गेल्या होत्या. त्यांना उत्तर नको होतं. आता माझ्याकडे जे आहे ते वर लिहिलं आहे.

मग वर्षं गेली. वहिनीला मोठा क्वार्टर मिळाला, तिच्या नंबरानं. घरोघरी टीव्ही आले, रविवारची दुपार सिनेमानं घेतली. अंगणात माणसं कमी होत गेली आणि कार्डावर नावांसाठी भरपूर जागा राहू लागली. मालकांची बदली क्वार्टरांच्या खात्यातून सामानाच्या गोदामाकडे झाली. आता त्यांच्यासाठी सायकलवरून कोणी उतरत नव्हतं. ते सुखी दिसायचे.

नव्वदच्या दशकात केव्हातरी आक्कांच्या मुलाची दुसऱ्या खाणीवर बदली झाली. आक्का म्हणाल्या, मी काही आता नवीन जागी येत नाही. मी नेरडीगोंड्याकडे माझ्या भावाच्या घरी राहते, शेत आहे, मोकळं आहे. जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी जुन्या सगळ्यांना बोलावलं. मालकांना बोलवायला स्वतः आल्या.

“गोष्ट आन,” दारातूनच म्हणाल्या.

“कोनती गोष्ट? मी नाही लिहीत आता.”

“असन काही तं आन. मी जाऊन राह्यली. नाई म्हनू नको.”

मालकांनी पेटीच्या तळातून कागद काढले. मला ते अक्षर ओळखू आलं, कारण ते माझं होतं. ‘किल्ली’ची मी केलेली फेअर कॉपी, पण पानांवर ठिकठिकाणी काट मारलेली. कधी मारली होती कोण जाणे. मधलं रडणं पूर्ण काढून टाकलं होतं. समासात बारीक अक्षरात एक नवी ओळ होती, म्हातारा पळालेली कोंबडी धरायला ओळीतल्या घरांमागे फिरतो त्याची.

अंगणात पोती बांधून ठेवली होती. सीताफळाच्या झाडावरची तार काढलेली होती, रेडिओ चादरीत गुंडाळलेला. वहिनी आली होती, तिची पोरगी आता तिच्याएवढी. मालक बाकावर बसले, कागद उघडले, घसा साफ केला आणि थांबले. कसं सुरू करावं त्यांना समजेना.

मी उठले. हे माझ्या कामांपैकीच होतं, फक्त फार उशिरा करत होते. मी त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हणाले, “ही गोष्ट यांनी लिहिली हाये. हे माझे मालक. आन ही फेअर म्या केली, म्हनून मी चांगली म्हटली तरी धरू नका.”

 मग वहिनीनं टाळी वाजवली.

“अवं बाप्पा! ताईनं नाव घेतलं! आन उखाना कुठी हाये?”

“बिनउखान्याचं!” दुसरी कोणी म्हणाली, आणि अंगण हसत सुटलं. मालकांचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. पण त्या हसण्यात मी मान खाली घातली ती नाव घेतलं म्हणून नाही. हे असं एवढंच होतं. उभं राहायचं आणि सांगायचं. लोक हसतात आणि ऐकायला बसतात. एवढं केलं नाही म्हणून मी एका माणसाची लिहिण्याची इतकी वर्षं घालवली होती.

त्यांनी वाचली. कोंबडीच्या ओळीला आक्का खुदकन हसल्या, पण काही म्हणाल्या नाहीत. शेवट झाला, पाय पुन्हा त्याच दाराशी आले, आणि मालकांनी कागद मांडीवर ठेवले.

“बोला,” ते म्हणाले. “आता मी कोनाले क्वार्टर देत नाही.”

“मले झोप नाई आली,” वहिनी म्हणाली. “पन एक सांगू? थो किल्ली देते तेवा तिथचा बाबू त्याच्याकडे पाहत बी नाई. तुमी तं पाहत होते भाऊजी. खोटं काऊन लिवलं?”

मालक हसले, अगदी मनापासून. “मी तेवढा चांगला नव्हतो,” ते म्हणाले. “पाहत नव्हतो.”

मग सगळे आक्कांकडे बघू लागले. आक्का बांधलेल्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. मागे त्यांचं दार उघडं होतं, आत रिकामी खोली, भिंतीवर रेडिओच्या जागी पांढरा चौकोन.

“थो रडत होता ना आधी?” त्या म्हणाल्या.

“काढलं थे. तुमीच म्हटलं होतं.”

“म्हटलं होतं.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “थोडासा रडव त्याले. लई नको. जरासाच.”

मालकांनी खिशातून पेन काढलं. कागदावर कोपरा शोधला आणि काट मारलेल्या ओळींमधली एक ओळ, एकच, खाली पुन्हा लिहिली. लिहिताना त्यांनी मला जवळ बोलावलं, कारण काट मारल्यामुळे त्यांना माझं अक्षर लागत नव्हतं. मी वाकून ती ओळ वाचून दाखवली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, मधे कुठेही न थांबता.